रक्तदाबाची गोळी आणि मद्याचा पेला



साठ वर्षांपूर्वी या शाळेत पाटी घेऊन आलेली मुले आज आजी-आजोबा झाली आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या उशाशी रक्तदाबाच्या गोळ्या असतात. या औषधांच्या इतिहासात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मांडला आणि आयुर्वेदाला परिचित असलेली ही वनस्पती जगापुढे आली. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पीन वेगळे काढण्यात आले. या औषधाने सुस्ती येते, मद्यानेही येते; दोन्ही एकत्र आली की ती अधिकच गडद होते.

आजची औषधे निराळी आहेत, पण मद्याशी त्यांचेही सख्य नाही. मद्य घेतल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात, दाब काही तास उतरतो आणि नंतर पुन्हा चढतो. उतरत्या वेळी गोळीचाही जोर असला, तर माणूस खुर्चीतून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. प्राझोसिनसारख्या औषधांत हा धोका विशेष. लघवी वाढवणारी गोळी असल्यास शरीरातील पाणी आणखी घटते. वेरापामिलमुळे तर मद्य रक्तात अधिक काळ रेंगाळते. पेला तोच, अंमल मात्र मोठा. नित्याच्या अतिमद्यपानाने रक्तदाब वाढतो, हे फ्रेंच वैद्य कामीय लियाँ यांनी सैनिकांच्या तपासणीवरून १९१५ सालीच नोंदवले होते.

बेंगळुरूत या गोष्टीला एक निराळे अंग आहे. सांगली-बेळगावकडील आजोबा मुलाकडे चार महिने राहावयास येतात. औषध गावच्या डॉक्टरांचे, तपासणी येथील डॉक्टरांची, आणि शनिवारच्या पाहुण्यांसोबतचा पेला या दोघांनाही ठाऊक नसतो. रात्री आजोबा न्हाणीघराशी कोसळले, तर गोळी जास्त होते असे समजून मात्रा कमी केली जाते. पेल्यानंतरच्या सकाळी दाब चढलेला आढळला, तर तीच मात्रा वाढवली जाते. दोन्ही निर्णय वैद्यकशास्त्रास धरून, आणि दोन्ही चुकीच्या माहितीवर! काही जण त्याहून विलक्षण तोड काढतात: ज्या संध्याकाळी पेला, त्या दिवशी गोळीला सुट्टी. क्लोनिडिन किंवा बीटा-ब्लॉकर असे मध्येच तुटले, तर दाब उसळी घेऊ शकतो.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्यांनी एका दिवसात बाटली बंद करावयास लावणे, हेही धोक्याचे. हात थरथरतात, दाब चढतो, क्वचित झटके येतात. अशा वेळी डॉक्टरांची देखरेख हवीच. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे.

दवाखान्यात मद्याविषयी विचारले जाते तेव्हा शेजारी बहुधा सूनबाई बसलेल्या असतात, आणि आजोबांचे उत्तर ठरलेले असते: “छे, छे!” तेवढ्या वेळापुरते सूनबाईंनी बाहेर बसावे.