भाड्याच्या खोलीचा हिशोब



आम्ही बँकेत कारकून. काउंटरवर लोकांची पासबुके पाहण्यात निम्मे आयुष्य गेले, तेव्हा आमच्याकडून वक्तृत्वाची अपेक्षा ठेवू नये. खोल्या भाड्याने देणाऱ्या आपल्या माणसांविषयी चार शब्द सांगतो.

वडखळ नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता फुटतो. जवळच डोलवीचा पोलाद कारखाना. त्यामुळे खोलीला भाडेकरू मिळतो. आमच्या एका नातलगांनी घरामागे तीन खोल्या बांधल्या. कर्ज ६ लाख, व्याज ९ टक्के, मुदत १० वर्षे, हप्ता सुमारे ७,६०० रुपये. भाडे प्रत्येकी ३,०००. म्हणजे वर्षाला १,०८,००० येणार, हप्त्यांत ९१,२०० जाणार, शिल्लक १६,८००. ठेकेदाराचे काम संपले की त्याची माणसे एका रात्रीत गाव सोडतात, हे त्यांनी धरलेच नव्हते. एक खोली चार महिने रिकामी राहिली, १२,००० गेले. उरलेल्या ४,८०० मध्ये घरपट्टी, रंग आणि पंपाची दुरुस्ती! आम्ही तर म्हणतो, भाड्याचे वर्ष दहा महिन्यांचेच धरावे.

दुसरा घोटाळा डिपॉझिटचा. घेतलेले दहा हजार त्यांनी हप्त्यात भरले. भाडेकरू निघाला तेव्हा उसने मागायला आमच्याकडे आले. डिपॉझिट ही भाडेकरूची ठेव आहे, ती वेगळ्या खात्यात ठेवावी.

करारही तोंडीच होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंद नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी धरले जाते. अकरा महिन्यांच्या अशा कराराला मुद्रांक शंभराच्या आसपास आणि ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये. एवढ्यासाठी माणसे वर्षानुवर्षे भांडतात. आणि भाडे हे उत्पन्नच आहे, ते लपवू नये. घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सूट आयकरात मिळते, कर्जाचे व्याजही वजा होते.

आता जरा अवघड गोष्ट. हेच नातलग खोली दाखवण्याआधी आडनाव आणि मुलूख विचारीत. आम्ही त्यांना १९१७ चे बडोदे आठवून दिले. परदेशात शिकून सयाजीरावांच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना तिथे कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या विश्रामगृहात राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. नातलग बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण माणूस ओळखायचा कसा?"

तर असा: कामाचा दाखला पाहावा, आधीच्या घरमालकाला फोन करावा, किती जण राहणार ते करारात लिहावे, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. ठेकेदाराने खोली घेतली तर करार त्याच्याच नावे करावा, नाहीतर दोघांच्या खोलीत आठ जण झोपतात आणि विजेचे बिल कोणाचे हे ठरत नाही.

रिकामी पडलेली ती खोली आता ओडिशाच्या दोन वेल्डरना दिली आहे. करार नोंदवला आहे. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेस खात्यात जमा होते. नोंद आम्हीच पाहतो.