दीड वर्षाची पाहुणी

(कोथरूड येथील आपल्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'अमेरिकेतल्या नोकरीबद्दल बोल,' असं मला सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअरवाले या सभागृहात निम्मे तरी असतील. म्हणून मी तिथे केलेल्या वेगळ्याच कामाबद्दल बोलते. मी कुत्र्याचं एक पिल्लू वाढवलं आणि परत देऊन टाकलं.

युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी 1916 मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी कुत्रे तयार करायचं काम बरंच पुढचं. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथे बॉनी बर्गिन यांनी त्यासाठी 'केनाइन कम्पॅनियन्स' ही संस्था सुरू केली. तिथले कुत्रे पडलेली वस्तू उचलून देतात, दार ओढून उघडतात, दिव्याचं बटण दाबतात. गरजूंना ते मोफत मिळतात. मात्र आधी आठ आठवड्यांचं पिल्लू सुमारे दीड वर्षाचं होईपर्यंत कुणीतरी आपल्या घरी वाढवावं लागतं. 2015 मध्ये ते घर आमचं होतं. एका विणीतल्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात. आमच्या वाट्याला 'जे' आला आणि जुनो घरी आली.

पहिल्या रात्री ती पिंजऱ्यात दोन वाजेपर्यंत रडली. दर दोन तासांनी तिला पट्टा लावून अंगणात न्यायचं, ठरलेल्या जागी उभं करायचं आणि म्हणायचं, 'हरी!' म्हणजे इंग्रजीतलं 'लवकर आटप'. तेव्हा आई डहाणूकर कॉलनीतून माझ्याकडे राहायला आली होती. पहाटे तीनला 'हरी, हरी' ऐकून ती खिडकीत आली. म्हणाली, "अगं, एवढी देवभोळी कधीपासून झालीस?"

मग दातांची पाळी. जुनो आईच्या पदराला लोंबकळायची. आम्ही जितकं ओरडू, तितका तिला तो खेळ वाटायचा. न ओरडता थांबायचं आणि तोंडात खेळणं द्यायचं, हे कळायला आईच्या दोन साड्या गेल्या.

सगळ्यात अवघड प्रकरण मात्र मी स्वतः होते. मी 'सिट, सिट, सिट' म्हणत राहायचे आणि ती चौथ्या 'सिट'ला बसायची. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. चौथ्यांदा सांगितल्यावर बसायचं, हे तुम्हीच तिला शिकवलंत." बाई, तेव्हा तुम्ही आठवलात. 'वह्या काढा' हे तुम्ही एकदाच म्हणायचात.

आई तिला चोरून पोळी द्यायची. मी रागावले की म्हणायची, "चतकोर पोळीनं काय होतंय?" एकदा मी तिला विचारलं, "उद्या हिच्या मालकाच्या हातून औषधाची गोळी पडली आणि हिनं ती गिळली तर?" आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तीच मुद्दाम पोळीचा तुकडा खाली टाकून जुनोवर पहारा करू लागली.

दीड वर्षाने जुनोला परत दिलं. आई फोनवर म्हणाली, "वाढवलेलं लेकरू देतेस कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. संस्थेत पुढचं शिक्षण सुमारे सहा महिन्यांचं, आणि सगळी पिल्लं त्यात पास होत नाहीत. जुनो झाली. समारंभात तिचा पट्टा मीच व्हीलचेअरवरच्या एका तरुणीच्या हातात दिला. थोड्या वेळाने तिच्या मांडीवरून किल्ल्या घसरल्या. जुनोने त्या उचलून तिच्या मांडीवर ठेवल्या. त्या मुलीला कुणाकडे बघावं लागलं नाही, 'सॉरी' म्हणावं लागलं नाही.

मला आपल्या वर्गातली कॅलिपर लावणारी मैत्रीण आठवली. तिचं दप्तर उचलायला आपण भांडायचो आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवायचो. गेल्या आठवड्यात कर्वे पुतळ्याजवळ कॉफी पिताना मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दप्तर उचलायला तुम्ही सगळ्या होतात गं. पण पेन खाली पडलं की मी तास संपेपर्यंत पेन्सिलीने लिहायचे. दर वेळी कुणाला हाक मारायची, नको वाटायचं."

सहा वर्षं मी तिच्या शेजारच्या बाकावर होते. तिच्या वहीतली पेन्सिल मला रोज दिसायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

हे सांगायची परवानगी तिनेच दिली आहे. ती समोर बसली आहे. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, हे आज दुपारी ठरणार आहे. माझी एवढीच विनंती आहे, की या वेळी काही ठरवण्याआधी तिला विचारूया.