प्रबोधनकार ठाकरे : पत्रकार, चरित्रकार आणि लोकांचा इतिहासकार

(विहाराच्या वर्धापनदिन सोहळ्यात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिला आणि लगेच आमच्या तरुण पोरांनी विचारलं, "काका, विहारात ठाकऱ्यांचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे जाणे आम्हाला पटत नाही, म्हणून पहिल्यांदा त्याचेच बोलू.

आपण मराठवाड्यातली माणसं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर आपल्या वस्त्यांवर काय गुदरलं ते इथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना हालहाल करून मारलं. आम्ही तेव्हा पोरसवदा होतो, पण रात्री दिवे मालवून बसलेली मोठी माणसं आम्हाला आठवतात. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत ज्या पक्षाने नामांतराला उघड विरोध केला आणि १९८७-८८ साली बाबासाहेबांच्या 'रिडल्स'वरून रस्त्यावर उतरला, तो पक्ष प्रबोधनकारांच्या चिरंजीवांनी काढलेला. १९६६ साली त्याचं नावही प्रबोधनकारांनीच सुचवलं होतं. हे सगळं खरं आहे, त्यातलं काही झाकायचं कारण नाही.

पण बापाची पुस्तकं लेकाच्या खात्यावर मांडायची नसतात. केशव सीताराम ठाकरे १९७३ साली वारले. त्यांनी जे लिहून ठेवलं ते कागदावर आहे, आणि ते वाचल्यावर ज्यांची पंचाईत होते ते आपण नव्हे.

आता माणसाची ओळख. जन्म १७ सप्टेंबर १८८५, पनवेल. म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिदिनाची तारीख, आणि तिकडे तामिळनाडूत पेरियार रामस्वामींचा जन्मदिवसही तोच. पनवेल, मुंबई, मध्य हिंदुस्थानातलं देवास असं फिरत फिरत शिक्षण झालं, पण मॅट्रिकच्या परीक्षेची फी भरायला दीड रुपया कमी पडला आणि शिक्षण तिथंच संपलं. दीड रुपया! आमच्यासारखे जिनिंगमध्ये गाठींच्या प्रेसवर उभे राहिलेले आणि हंगाम संपला की मोंढ्यात हळदीची पोती उचलणारे लोक या दीड रुपयाची किंमत बरोबर ओळखतात. पुढे या माणसाने पाट्या रंगवल्या, रबरी शिक्के केले, फोटो काढले, विम्याची एजंटी केली, नाटक कंपनी चालवून पाहिली आणि पब्लिक वर्क्स खात्यात कारकुनी केली. वाचन मात्र कुठंच सुटलं नाही. अमेरिकेतल्या इंगरसॉलसारख्या धर्मचिकित्सकाची पुस्तकं त्यांनी पचवली. आपल्या जोतीरावांनी थॉमस पेन वाचला होता, त्याच वाटेवरचं हे वाचन.

लेखक म्हणून ते पुढे आले ते एका भांडणातून. इतिहासाचार्य राजवाडे यांनी कायस्थ प्रभूंची निंदा करणारा मजकूर छापला, त्याला उत्तर म्हणून १९१८ साली ठाकऱ्यांनी 'कोदंडाचा टणत्कार' लिहिलं. ते स्वतः कायस्थ प्रभू, म्हणजे सुरुवात स्वतःच्या जातीच्या अब्रूसाठी झाली हे कबूल केलं पाहिजे. पण गडी तिथं थांबला नाही. पुढच्याच वर्षी 'ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास' आला. ग्रामण्य म्हणजे काय? एखाद्या माणसाला किंवा अख्ख्या जातीला वाळीत टाकायचं, त्याचं पाणी तोडायचं, सोयरीक तोडायची. पेशवाईत आणि त्यानंतर ही हत्यारं कुणी कुणावर चालवली याचा तो हिशेब आहे. आपल्या भागात दुकानदाराने मीठ द्यायचं नाही, गिरणीवाल्याने दळण घ्यायचं नाही, असे बहिष्कार ज्यांनी भोगले त्यांना या पुस्तकाचं प्रास्ताविक समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला तो २०१६ साली. म्हणजे पुस्तकानंतर सत्त्याण्णव वर्षांनी!

१६ ऑक्टोबर १९२१ ला त्यांनी 'प्रबोधन' हे पाक्षिक काढलं. बाबासाहेबांचा 'मूकनायक' त्याच्या आदल्या वर्षी, ३१ जानेवारी १९२० ला निघाला होता. दोन्ही पत्रं एकाच हवेत वाढली. 'प्रबोधन'साठी ठाकऱ्यांनी सरकारी नोकरी सोडली. भिक्षुकशाही, हुंडा, बालविवाह, अस्पृश्यता, कशालाच सोडलं नाही. भाषा अशी की वाचणारा एक तर टाळी देणार नाही तर काठी शोधणार. पत्राचा मुक्काम मुंबई, सातारा, पुणे असा हलत राहिला. पुण्यात विरोधकांनी घरापुढे मेलेलं गाढव टाकलं आणि जिवंत माणसाची प्रेतयात्रा काढली. पैशाचं पाठबळ कधीच नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांसारखे स्नेही होते, पण स्नेह्यांवर छापखान्याची बिलं भागत नाहीत. अखेर पत्र बंद पडलं, पण 'प्रबोधनकार' हे नाव तेवढं माणसाला कायमचं चिकटलं.

१९२६ सालची दादरची हकीकत इथे सांगितलीच पाहिजे. दादरला सार्वजनिक गणेशोत्सव होता. वर्गणी सगळ्या हिंदूंकडून घ्यायची, अस्पृश्यांकडूनही घ्यायची, आणि पूजेला मात्र ब्राह्मणच पाहिजे. प्रबोधनकारांनी विचारलं, पैसा चालतो तर माणूस का चालत नाही? रावबहादूर सीताराम केशव बोले त्यांच्या बाजूला होते. हे तेच बोले, ज्यांच्या १९२३ सालच्या ठरावाने सार्वजनिक तळी-विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या आणि ज्याच्या आधारावर महाडचा सत्याग्रह उभा राहिला. डॉ. बाबासाहेबही त्या वादात आले. प्रबोधनकारांनी मुदत घालून धमकी दिली की दुपारपर्यंत अस्पृश्याला पूजेचा हक्क मिळाला नाही तर मूर्ती फोडून टाकीन. शेवटी तडजोड झाली. बाबासाहेबांचे सहकारी गणपत महादेव जाधव ऊर्फ मडकेबुवा यांनी फुलांचा गुच्छ पुजाऱ्याच्या हाती द्यायचा आणि पुजाऱ्याने तो गणपतीला वाहायचा, असं ठरलं. एवढ्यानंसुद्धा मोठा खळाळ झाला आणि पुढे तो उत्सव बंद पडला.

आता तुम्ही म्हणाल, आपण १९५६ साली त्या सगळ्या देवांना रामराम केला, मग गणपतीला फूल वाहायच्या हक्काचं कौतुक कशाला? बरोबर आहे. पण १९२६ साली बाबासाहेबही त्याच झगड्यात होते. काळारामाचा सत्याग्रह तर त्यानंतरचा, १९३० चा. वाट अशी एकदम सरळ नसते. फरक एवढाच, की बाबासाहेब पुढे गेले आणि प्रबोधनकार हिंदू धर्म झाडून-पुसून घेण्याच्या आशेवर राहिले. ही त्यांची मर्यादा आम्ही मानतो. पण त्यांचं 'देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे' हे छोटंसं पुस्तक वाचा. देवळं वेदकाळापासूनची नाहीत, बौद्ध धर्म मागे हटवल्यावर ती फोफावली, असं ते त्यात सरळ मांडतात. इकडे औंढ्याला नागनाथाच्या जत्रेला जाणारे आपलेही काही नातेवाईक आहेत. त्यांना हे पुस्तक जरूर द्यावं. (नावं घेत नाही, समोरच बसले आहेत.)

पत्र बंद पडलं तेव्हा त्यातला पत्रकार संपला का? नाही. पत्रकाराचा चरित्रकार झाला, आणि आमच्या मते त्यांचं टिकाऊ काम हेच. पत्रकाराला आज लिहून उद्या छापायचं असतं. चरित्राला कागद जमवावे लागतात, म्हातारी माणसं गाठावी लागतात, थांबावं लागतं. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांबद्दल त्यांनी आधी 'हिंदवी स्वराज्याचा खून' हे छोटं पुस्तक काढलं होतं. ते एका बैठकीत वाचून होतं. पण विषय डोक्यातून गेला नाही. १९४८ साली 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' हा जाडजूड ग्रंथ आला. दोन्हींच्या मधे दोन तपं गेली!

त्या ग्रंथातली हकीकत अशी. प्रतापसिंहांवर कटाचा आळ घालून इंग्रजांनी १८३९ साली त्यांना गादीवरून काढलं. गुन्हा कबूल करून सही दिली असती तर गादी राहिली असती. त्यांनी सही दिली नाही, आणि १८४७ साली काशीला कैदेत वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथं दाद मागत राहिले. इकडे १८४८ साली डलहौसीने साताऱ्याचं राज्यच खालसा केलं होतं. वकील परत आला, आणि सत्तावन्नच्या उठावात साताऱ्याला सतरा जणांना देहदंड झाला. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी गायब झाले ते झालेच, सापडले नाहीत.

हा इतिहास त्यांनी वकिलासारखा लिहिलाय, न्यायाधीशासारखा नाही. बाळाजीपंत नातूंसारख्या फितुरांवर शब्दांचे आसूड ओढताना हात आखडत नाहीत. प्राध्यापक मंडळी त्याला नाकं मुरडतील. आम्हाला त्यातला राग कधी कधी जास्त वाटतो, शिवराळपणा तर नक्कीच जास्त वाटतो. पण सातवी शिकलेला माणूस तो ग्रंथ हातात धरून शेवटापर्यंत जातो. विद्यापीठातले किती इतिहास असे आहेत?

१९५० साली त्यांनी पंडिता रमाबाईंचं चरित्र लिहिलं. स्वतः हिंदू धर्माचा अभिमानी माणूस, आणि चरित्र लिहितो कुणाचं? तर ख्रिस्ती झालेल्या बाईचं, तेही आदराने! धर्म सोडलेल्या माणसाला आपल्या समाजात काय ऐकून घ्यावं लागतं ते आपण जाणतो. म्हणून हे आम्हाला थोर वाटतं.

आणि १९५२ साली गाडगेबाबा. बाबा तेव्हा हयात होते, हातात खराटा घेऊन गावं झाडत हिंडत होते. अक्षरओळख नसलेला परीट समाजातला माणूस. त्याने स्वतःबद्दल कागदावर एक ओळ ठेवली नाही, ना शिष्य केला ना मठ. अशा माणसाचं चरित्र कशावरून लिहायचं? प्रबोधनकारांनी त्यांना पाहिलं, ऐकलं, त्यांची बोलण्याची ढब कानात धरली आणि लोकांना विचारून लिहिलं. याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, आणि ६ डिसेंबर १९५६ नंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला त्यांनीही देह ठेवला. बाबा गेल्यावर कुणी लिहायला बसलं असतं तर निम्म्या आठवणींना चमत्काराची शेपटं फुटली असती. नरसीच्या नामदेवांचं काय झालं पहा. माणूस आपल्या जिल्ह्यातला, आणि सांगायला गेलं तर आधी देव दूध प्यायल्याची गोष्ट येते.

स्वतःची कहाणी त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिली. 'माझी जीवनगाथा' १९७३ साली आली आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ते गेले. त्याआधी सत्तरी गाठलेल्या वयात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरून त्यांनी लेखणी आणि जीभ दोन्ही चालवली होती. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचं समग्र वाङ्मय छापलं आहे.

आता आपल्या कामाचं. या जिल्ह्यातल्या वस्त्यांत नामांतराच्या वेळी कोण तुरुंगात गेलं, कोणाचं घर जळालं, पहिली पंचशील कोणत्या गावात कोणाच्या अंगणात म्हटली गेली, हे सांगणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरली. विहार समितीने शंभर पानी वह्या आणि चार पोरांना रेकॉर्डिंग करता येईल असा मोबाईल, एवढी सोय केली आहे. दर रविवारी बुद्धवंदनेनंतर एका ज्येष्ठ माणसाच्या घरी दोघांनी जायचं, तारीख आणि गाव विचारून लिहायचं, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहायचं. पहिल्या रविवारी विहारामागच्या गल्लीतल्या आजीकडे जायचं ठरलं आहे. त्यांना दुपारी नीट ऐकू येत नाही, सकाळी दहाच्या आत जा.

जयभीम!