मनगटावरचं घड्याळ आणि डोंगरातली वाट



हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी कसारा लोकल उंबरमाळीला थांबली, की डब्यात एक नजर टाका. पाठीवर पिशव्या आणि पायांत जाड तळव्यांचे बूट घातलेली पोरंपोरी दिसतील. हल्ली त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मनगटावर एक जाडजूड घड्याळ असतं. वेळेबरोबर ते जागाही सांगतं, त्याला जी.पी.एस. घड्याळ म्हणतात. आपल्याकडच्या वाटाड्या तरुणांनाही ते घ्यावंसं वाटतं, आणि वर्गाला माहुलीवर नेणाऱ्या गुरुजींनाही. म्हणून त्याच्या तबकडीवर काय ठेवावं आणि काय काढून टाकावं, हे आज सांगणार आहे.

पण त्याआधी एक गैरसमज दूर करू. घरची माणसं म्हणतात, "जाऊ दे त्याला, हातात जी.पी.एस. आहे, हरवला तर सापडेल." मंडळी, तसं नसतं. जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सारखे सांगत असतात, की मी अमुक उपग्रह आणि आता इतके वाजले. घड्याळ निदान चार उपग्रहांचं बोलणं ऐकतं, ते पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतरं काढतं आणि आपली जागा आपणच मांडतं. उपग्रहाला तुमचा थांगपत्ता नसतो. घड्याळाला कान आहेत, तोंड नाही म्हणा ना! ज्याला फोनची किंवा उपग्रहावरून संदेश धाडण्याची जोड आहे, त्याची गोष्ट निराळी.

आपल्याच मुलखातलं उदाहरण घ्या. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढला गेला. विद्या अत्रेय ह्या वन्यजीव-अभ्यासक बाईंनी त्याच्या गळ्यात जी.पी.एस.चा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आलं. त्याला 'आजोबा' हे नाव पडलं. हा आजोबा कसाऱ्याचं रेल्वे स्थानक आणि आग्रा रस्ता ओलांडून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या बाजूला पोचला. ते सगळ्यांना कळलं, कारण त्या पट्ट्यात ठिकाण कळण्याबरोबर कळवण्याचीही सोय होती. तुमच्या घड्याळात ती असेलच असं नाही. म्हणून कुठल्या वाटेने जातो आणि किती वाजेपर्यंत परत येतो, हे घरी किंवा पायथ्याच्या गावात तोंडाने सांगूनच निघावं.

आता तबकडीकडे वळू. नवं घड्याळ येतं तेव्हा नाडीचे ठोके, कॅलरी, पावलं, वेग असा सगळा माल मांडून येतं. सेटिंगमध्ये जाऊन 'हायकिंग' हा प्रकार निवडा आणि त्याच्या पानावर चारच खाने ठेवा. सहा-आठ केले की आकडे मुंगीएवढे होतात. घाम डोळ्यांत उतरल्यावर ते कोण वाचणार?

पहिला खाना सूर्यास्ताला उरलेल्या वेळेचा. माझ्या मते बाकी काही नसलं तरी हा हवाच. डिसेंबरात इथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि पश्चिमेला कडा असला तर सावली त्याच्या कितीतरी आधी अंगावर येते. दुसरा खाना निघाल्यापासून गेलेल्या वेळेचा. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. चढायला तीन तास लागले आणि सूर्यास्ताला तीनच तास उरले, की माथा हाकेवर असला तरी मागे फिरावं. तिसऱ्या खान्यात समुद्रसपाटीपासूनची उंची आणि चौथ्यात बॅटरी.

उंचीचा आकडा बहुतेक घड्याळं हवेच्या दाबावरून काढतात. सखल भागात दाब एक मिलिबार उतरला तर साधारण आठ मीटर चढ धरला जातो. पावसाळी ढग येऊन दाब घसरला, की तुम्ही जागेवर बसलेले असलात तरी घड्याळ म्हणतं, चढलात! म्हणून निघताना आकडा जुळवून घ्यावा. त्याला खर्च नाही. पुष्कळ रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तीच घड्याळात भरा. होकायंत्र मात्र फलाटावर जुळवू नका. रूळ, खांब, विजेच्या तारा ह्यांनी ते भांबावतं. गाव मागे टाकून मोकळ्या माळावर या आणि मग हात फिरवून जुळवा.

दुसऱ्या पानावर चाललेल्या वाटेची रेघ ठेवा. पायथ्याशी उघड्या आभाळाखाली दोन मिनिटं थांबून, उपग्रह सापडल्याची खूण आली की मगच नोंद सुरू करावी. पावसाळ्यानंतर आपल्या डोंगरांत गवत नि कारवी छातीला लागते, पायवाट बुजते आणि ढोरवाटा मात्र रुंद दिसतात. अशा वेळी आलेल्या रेघेवरून मागे फिरता येतं. पण नाळेत किंवा कड्याला चिकटून चालताना उपग्रहांचे संदेश खडकावर आपटून येतात आणि ही रेघ वेडीवाकडी पडते, तेवढं धरून चला.

एक गोष्ट मात्र तबकडीवरून काढूनच टाका, असं मी म्हणेन. मुक्कामाकडे रोखलेला बाण आणि त्याच्याखाली सरळ रेषेतलं अंतर. आपला सह्याद्री सरळ रेषेत चालू देत नाही. बाण म्हणतो, गाव समोर ८०० मीटरवर. खरंच समोर असतं, दिवेसुद्धा दिसतात, पण मध्ये उभा कडा. खरी वाट सोंडेवरून वळसा घेऊन तीन किलोमीटर. अंधार पडू लागला, पाणी संपलं, की माणूस बाणाचं ऐकून नाळेत उतरतो आणि अडकतो. मग पायथ्याच्या पाड्यावरची माणसं बॅटऱ्या, दोर घेऊन रात्री डोंगर चढतात. त्यांना त्या बाणाची गरज नसते. दिवस असता, तर त्यांनी वाट हाताने दाखवली असती.

पावसात जायचं तर स्पर्शाने चालणारा पडदा कुलूपबंद करा. थेंब पडून पानं आपोआप उलटतात.

शेवटी गुरुजनांसाठी. अडचणीत ११२ ह्या क्रमांकावर फोन लागला, तर जागा अक्षांश-रेखांशात सांगावी लागेल. इथेच घोटाळा होतो. १९ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात १९.५०, कुणी ते १९.३० असं सांगितलं, तर शोधणारे सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला जातील. घड्याळात दशांश अंश हा एकच प्रकार ठरवून ठेवा. आणि एखाद्या शनिवारी मुलांना शाळेच्या पटांगणात उभं करून शाळेचे अक्षांश-रेखांश वाचायला लावा. आपल्या भागात पहिला आकडा १९ने आणि दुसरा ७३ने सुरू व्हायला हवा. एका मुलाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने पाठ करून बसून नुसतं ऐकून लिहावं, आणि मग दोन्ही फळ्यावर ताडून पाहावेत.