ब्रूज : दोन दिवसांचा मुक्काम

युरोपच्या सफरीला निघालेला प्रवासी बहुधा राजधान्यांच्या मागे असतो. पॅरिस झाले, लंडन झाले, आता ॲम्स्टरडॅम, असा त्याचा हिशेब चालतो. आणि मध्येच दोन दिवस मोकळे उरले म्हणजे त्यांचे काय करावे हा प्रश्न त्यास पडतो. अशा दोन दिवसांचे चीज करणारे एक शहर बेल्जमच्या वायव्येस, फ्लँडर्स प्रांतात आहे. त्याचे नाव ब्रूज. ब्रुसेल्सहून आगगाडीने तेथे जावयास सुमारे एक तास लागतो.

कालव्यांमुळे या शहरास ‘उत्तरेचे व्हेनिस’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण ही उपमा प्रवाशाची दिशाभूल करणारी आहे. व्हेनिस समुद्रात उभे आहे. ब्रूज हे समुद्राला मुकलेले शहर होय. त्याचे आजचे सौंदर्य त्या वियोगातूनच निपजले आहे. एवढे ध्यानी धरून जो तेथे जाईल, त्यालाच तेथील संथ पाण्याचा अर्थ उमगेल.

इ. स. ११३४ मध्ये झालेल्या मोठ्या तुफानाने किनारा फोडला आणि झ्विन नावाची खाडी भूमीत आत शिरली. तिच्या टोकाशी दाम्मे हे बंदर वसले. तेथे उतरलेला माल लहान नावांतून कालव्याने ब्रूजला येई. शहराच्या मुख्य चौकात कालव्यावरच बांधलेली एक प्रचंड वखार होती. तिच्या छपराखाली नावा थेट शिरत आणि पाऊस असो वा वारा, माल कोरडाच उतरे. इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचे कापड, इटालियन गलबतांतून आलेले मसाले यांची येथे उलाढाल चाले. व्यापारी ज्या घरापुढे जमत, ते व्हान देर बर्स नावाच्या कुटुंबाचे होते. युरोपातील कित्येक भाषांत रोखेबाजारास जो ‘बोर्स’ शब्द आहे, तो याच नावावरून आला असे मानतात. मुंबईच्या ‘भारत डायमंड बोर्स’च्या पाटीवरही तोच शब्द आहे!

परंतु ज्या खाडीने वैभव आणले, तीच पुढे गाळाने भरत गेली. पंधराव्या शतकात मोठ्या गलबतांस वर येणे कठीण होऊ लागले. त्यातच १४८८ मध्ये नागरिकांनी मॅक्सिमिलियन या आपल्या राज्यकर्त्यास काही महिने कैदेत ठेवले. सुटल्यावर त्याने अँटवर्पचा पक्ष घेतला. व्यापारी तिकडे गेले आणि ब्रूज मागे पडले. एकोणिसाव्या शतकात इतर शहरे जुनी घरे पाडून गिरण्या उभारीत होती, तेव्हा ब्रूजपाशी त्यासाठी पैसाच नव्हता. वखार मात्र १७८७ मध्येच पाडली गेली होती. गरिबीने जे राखले, ते पाहण्यास पुढे जग लोटले. १८९२ मध्ये रोदेनबाख या लेखकाने आपल्या कादंबरीत या शहरास ‘मृत’ म्हटले, आणि ते मृत शहर पाहावयास लोक येऊ लागले. तथापि तेथे जुने दिसते ते सर्वच जुने नव्हे. कित्येक दर्शनी भिंती एकोणिसाव्या शतकात जुन्या धाटणीवर नव्याने सजविलेल्या आहेत.

पहिला दिवस शहराच्या आत घालवावा. स्टेशनापासून पायीच निघाले म्हणजे प्रथम मिनेवाटर हे तळे व त्यालगत १२४५ मध्ये स्थापन झालेला बेगिनांचा आश्रम लागतो. आजन्म दीक्षा न घेता व्रतस्थ राहणाऱ्या, आपल्या श्रमावर जगणाऱ्या स्त्रिया येथे राहत. १९२७ पासून तेथे बेनेडिक्टिन जोगिणींचा मठ आहे. पांढऱ्या भिंती, उंच झाडे आणि मौन पाळण्याची विनंती, एवढेच तेथे आहे. जवळच्या संत योहानाच्या जुन्या रुग्णालयात मेमलिंगची चित्रे आहेत. समोरच्या चर्चमध्ये मायकेल अँजेलोने घडविलेली माता मेरी व बालयेशूची मूर्ती आहे. ब्रूजच्या व्यापाऱ्यांनी ती त्याच्या हयातीतच विकत घेतली. १७९४ मध्ये फ्रेंचांनी व १९४४ मध्ये जर्मनांनी ती पळविली. दोन्ही वेळा ती परत आली. चौकातील ८३ मीटर उंच घंटामनोऱ्याच्या ३६६ पायऱ्या ज्याला चढवतील, त्याला सारे शहर नकाशासारखे दिसते. मनोऱ्यात ४७ घंटा आहेत. कालव्यातून उघड्या नावेने अर्ध्या तासाची फेरीही करावी. पूल इतके ठेंगणे आहेत की उतारूंस मान लववावी लागते.

दुसऱ्या दिवशी मात्र शहराबाहेर पडावे. पूर्वेच्या तटावर पवनचक्क्या आहेत. त्यांतील एक १७७० पासून मूळ जागीच उभी आहे. तेथून नेपोलियनच्या आज्ञेने खोदावयास घेतलेल्या कालव्याच्या काठाने, वाऱ्याने एका बाजूस कललेल्या पॉप्लर वृक्षांच्या रांगेतून, सहासात किलोमीटर सायकलीने गेले की दाम्मे येते. येथे एके काळी गलबतांची गर्दी असे. आज हे लहानसे गाव शेतांनी वेढलेले आहे आणि समुद्राचा मागमूसही नाही. ब्रूजचा इतिहास कोणत्याही संग्रहालयापेक्षा या शेतांच्या बांधावर अधिक स्पष्टपणे कळतो.

युनेस्कोने २००० साली ब्रूजच्या जुन्या भागास जागतिक वारशात स्थान दिले. या भागात सुमारे वीस हजार माणसे राहतात; पाहुणे मात्र वर्षाकाठी लाखोंनी येतात आणि त्यांतील पुष्कळ सायंकाळच्या गाडीने परततात. पूर्वी व्यापारी निघून गेल्याने शहर ओस पडले. आता पाहुण्यांच्या सोयीसाठी घरांची विश्रामगृहे होत गेली, तर नांदत्या घरांवाचून ते पुन्हा ओस पडेल. म्हणूनच जुन्या शहरात नव्या हॉटेलांस तेथील नगरसभेने आळा घातला आहे. चार तासांत छायाचित्रे काढून निघणाऱ्याची गर्दी शहराला सोसावी लागते, लाभ मात्र थोडा. उलट, जो रात्री राहतो, भल्या पहाटे कालव्याकाठी फिरतो, दाम्मेच्या वाटेवर एक सकाळ खर्चितो, त्याचे दोन दिवस तर सार्थकी लागतातच, पण ज्यांचे ते शहर आहे त्यांनाही तो जड होत नाही.