हळदीचं पेटंट आणि परवान्याची खुर्ची
(कोयनानगर येथील मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, खाली सांगलीच्या पेठेतली हळद जखमेवर लावायला आपल्याला कुणाचा परवाना लागत नाही. तरी १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला याच उपयोगाचं पेटंट मिळालं! सीएसआयआरने जुने ग्रंथ पुढे केले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं.

पेटंट वापरायचा परवाना कुणाला, किती रॉयल्टीवर द्यायचा, हे विद्यापीठातलं एक कार्यालय पाहतं. स्टॅनफर्डमध्ये १९९१ ते २०१८ या कार्यालयाच्या प्रमुख कॅथरीन कू होत्या, शिक्षणाने रसायन अभियंता. २००७ साली स्टॅनफर्डसह काही विद्यापीठांनी परवान्यांविषयी नऊ मुद्दे मांडले. गरीब देशांतल्या रुग्णांचा विचार त्यात आहे, पण सक्ती नाही. म्हणजे करार लिहायला कोण बसतं, यावरच सगळं. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलींना या खुर्चीबद्दल कुणी सांगितलंय का?