व्ह्यू शिकायचं तर...

तिकिटाच्या संकेतस्थळावर प्रवाशांची संख्या बदलली की एकूण भाडं लगेच बदलतं, पान पुन्हा उघडावं लागत नाही. नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये हे करायचं तर तो आकडा पानावर शोधून नव्याने लिहिण्याची आज्ञा आपणच द्यायची. एक आकडा असेल तर ठीक; पन्नास असले की एखादा राहून जातोच.

हे काम फ्रेमवर्क अंगावर घेतं. व्ह्यू हे त्यातलंच एक. गूगलमध्ये अँग्युलर हे दुसरं फ्रेमवर्क वापरलेल्या इव्हान यू यांनी ते २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. अँग्युलरमधलं आवडलं तेवढं घेऊन हलकं साधन करावं, असा त्यांचा विचार होता. व्ह्यूमध्ये आपण फक्त माहिती सांभाळायची. ती पानावर कुठे कुठे वापरली आहे याची नोंद व्ह्यू ठेवतं आणि माहिती बदलली की तिथलं दृश्यही बदलतं. २०२० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ही नोंद ठेवायला जावास्क्रिप्टचीच ‘प्रॉक्सी’ ही सोय वापरली आहे.

पण व्ह्यू शिकण्याआधी जावास्क्रिप्टमधले फंक्शन, ॲरे, ऑब्जेक्ट पक्के हवेत. ते टाळून थेट फ्रेमवर्कला हात घालणारे पुष्कळ. मग चूक भाषेतली की व्ह्यूची, हेच कळत नाही! सुरुवातीला काही इन्स्टॉलही करायला नको. साध्या एचटीएमएल फाइलमध्ये व्ह्यूच्या स्क्रिप्टची एक ओळ जोडली की पुरे. किराणा मालाची यादी करून पाहा: वस्तू घाला, खोडा, बेरीज दाखवा. राउटर, पिनिया वगैरे व्ह्यूची जोडसाधनं नंतर.